शोभेच्या बोल्टांचं चाक

मी एक चाक आहे, आणि सध्या दातांच्या दवाखान्यात आडवा पडलो आहे. पेशंट जिथे वाट बघत बसतात ना, त्या खोलीत. माझ्या अंगावर गोल काच ठेवली आहे, काचेवर जुनी मासिकं आणि एक पाण्याचा तांब्या. आता तुम्ही म्हणाल, चाकाचं दवाखान्यात काय काम? बसा, तुमचा नंबर यायला वेळ आहे. सांगतो.

काचेखाली वाकून बघा जरा. हे काळं कडं दिसतंय? त्यावर ओळीनं बसवलेले लाल बोल्ट? सुरेख दिसतात, नाही का! सगळेच म्हणतात. पण मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून बोल नको. हे बोल्ट काहीही धरत नाहीत. एकसुद्धा नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला, थंड झाल्यावर यंत्रावर धरून तासला, काळा रंग दिला. मग एका बाईंनी माझ्या तोंडावर कडं ठेवलं आणि एकेक लाल बोल्ट फिरवून बसवला. प्रत्येक बोल्ट बसला की त्या फडक्यानं पुसायच्या आणि माझ्याकडे कौतुकानं बघायच्या. मला वाटलं, वा, आपल्यावर काहीतरी मोठी जबाबदारी आहे. नवीन होतो हो. कळत नव्हतं.

कळलं ते दुकानात. दुकान चाकांचं, आणि चालवणाऱ्या एक बाई. त्यांनी मला आणि आणखी एका चाकाला शेजारी शेजारी उभं केलं होतं. तोही काळा, त्यालाही कडं, त्यालाही बोल्ट. फक्त वजनानं माझ्याहून भारी. जुळे भाऊ म्हणून खपलो असतो. मी त्याला थोरला म्हणायचो.

एक दिवस दाताचे डॉक्टर आले. दाढ तपासावी तसे ते आमच्यापुढे वाकून, मान तिरकी करून बघायला लागले.

"यात फरक काय?" त्यांनी विचारलं.

"हे खरं बीडलॉक," बाईंनी थोरल्यावर हात ठेवला. "वाळूत, खडकात जाताना लोक टायरची हवा, एरवी तीस-पस्तीस पौंड असते ती, अगदी कमी करतात. टायर पसरतो, जमिनीला चिकटून चालतो. पण साध्या चाकात हवा फार उतरवली, की वळताना टायरची कड सुटते आणि टायर निसटतो. यात ती कड कड्याखाली येते आणि बोल्ट तिला आवळून धरतात. दहावर हवा आणा, हा सोडायचा नाही."

"आणि हे?"

"हे शोभेचं. टायर साध्या चाकासारखाच बसतो. कडं नुसतं वरून लावलंय."

डॉक्टरांनी खऱ्याचे तोटे विचारले. बाईंनी काही लपवलं नाही. जड आहे, बोल्ट पुन्हा पुन्हा तपासून एकसारखे आवळावे लागतात, आळस केला तर हवा गळते. रोजच्या रस्त्यावर चालवायला परवानगी मिळते की नाही, तेही विचारून घ्यायला हवं. मग त्यांनी उलट विचारलं, "वाळूत किती जाता?"

"कधीमधी. मित्रांबरोबर, सुट्टीच्या दिवशी. एरवी आपलं घर ते दवाखाना."

"मग शोभेचंच घ्या ना. तुम्हाला तेच बरं. फक्त हवा विसाच्या खाली आणू नका. आणि गाडी कोणाला चालवायला दिलीत, तर तेवढं सांगून द्या."

सल्ला सरळ होता, निवडही चुकीची नव्हती. मी आजही तेच म्हणेन. पण पैसे देता देता डॉक्टरांनी हळूच विचारलं, "लांबून ओळखू येतं का हो, की हे ते नाही?"

बाई हसल्या. "लांबून कशाला, जवळून बघितलं तरी पटकन नाही कळायचं."

डॉक्टरांचा चेहरा एकदम खुलला. निघताना थोरला म्हणाला, "मजा आहे तुझी. तुला कोणी आवळणार नाही." तो चांगल्या मनानं बोलला, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही चौघं एकसारखे, गाडीला बसलो. मी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूला. त्या शेजारच्या सीटवर डॉक्टरांची लेक बसायची. वय बारा. एका जागी पाच मिनिटं टिकत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. हिची आणि माझी गट्टी जमली. दवाखान्यात आलेले नमुन्याचे टूथब्रश ती पळवून आणायची आणि माझा एकेक बोल्ट घासायची. आधी पेस्ट लावून बघितली, तेव्हा आईचा ओरडा खाल्ला.

एकदा घासता घासता तिनं विचारलं, "बाबा, हे बोल्ट टायरला धरून ठेवतात ना?"

डॉक्टर पुढची काच पुसत होते. "हं," ते म्हणाले.

झालं. एवढासा "हं". दिवसभर लोकांना खोटे दात बसवणारा माणूस, आणि तोंडातून निघालं ते हे. त्यांनी बसवलेले खोटे दात निदान चावतात तरी! भिंगरीनं तो "हं" पक्का धरला. शेजारच्या मुलांना गोळा करून ती माझ्यापुढे बसवायची आणि शिकवायची, की बघा, कितीही हवा काढा, टायर सुटणार नाही, माझ्या बाबांनी खरी चाकं आणलीत. मुलं "आईशप्पथ!" म्हणत माझ्या बोल्टांना हात लावायची. मला तोंड लपवायला जागा नव्हती. आणि खोटं कशाला बोलू, ते कौतुक मला गोडही लागत होतं. उन्हात उभा असलो की मी मुद्दाम चमकायचो.

भिंगरीच्या आईला पावती बघूनच सगळं कळलं होतं. त्या म्हणाल्या, "अरे, पोरीला सांगून टाक ना. तिच्या शाळेपर्यंत गेलीय ही चाकांची गोष्ट."

"मी कुठे काय बोललो?" डॉक्टर म्हणाले. "तिनं आपलं आपण ठरवलं."

"हो का? आणि तुझ्या त्या मित्रांनीही आपलं आपणच ठरवलं?"

"कोणी विचारलंच नाही मला."

"धन्य आहेस बाबा," म्हणून त्या आत गेल्या.

मित्रांचं काय ते सांगतो. शहराबाहेर वाळूच्या टेकड्या आहेत. सुट्टीच्या दिवशी पाच-सहा गाड्यांचं टोळकं तिथे जायचं. टोळक्याचा म्होरक्या एक रोपवाटिकेचा मालक. सगळ्यांना हुकूम सोडायचा म्हणून त्याला मुकादम म्हणत. त्यांची एक रीत होती. वाळू सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी थांबायचं, टायरमधली हवा उतरवायची आणि गाडीपाशी उभं राहायचं. मुकादम पाठीमागे हात बांधून ओळीपुढून चालत जायचा आणि प्रत्येकानं आपली हवा मोठ्यानं सांगायची. याला ते बोली म्हणायचे. ज्याची बोली सगळ्यात कमी, त्याची गाडी सगळ्यात पुढे. त्यानं कोऱ्या वाळूत वाट पाडायची, बाकीच्यांनी त्याच्या चाकोरीतून मागे यायचं. पुढच्या गाडीला मान असायचा. मुकादमाची स्वतःची चाकं खरी होती, थोरल्याच्या जातीची, आणि तो दरवेळी पुढे असायचा.

आमचे डॉक्टर पहिल्या वेळी म्हणाले, "बावीस."

मुकादम माझ्यापुढे थांबला. "काय डॉक्टर! एवढी नटूनथटून आलेली चाकं, आणि बावीस? लग्नात येऊन उपाशी जाता राव!"

सगळे हसले. खरं सांगायची ती वेळ होती. दोन शब्दांचं काम. डॉक्टरांनी ओठ उघडलेही. मग मागे वळून सीटवरच्या भिंगरीकडे बघितलं आणि म्हणाले, "पोर आहे ना बरोबर. जपून चालवावं लागतं."

"हां, मग बरोबर आहे," मुकादम म्हणाला, आणि आमची गाडी शेवटी लागली.

मी भिंगरीच्या पायाखालीच होतो म्हणा ना. एरवी खिडकीतून अर्धी बाहेर लोंबणारी ती पोर त्या दिवशी हात मांडीवर ठेवून बसली. दुसऱ्या वेळीही तेच झालं. तेच बावीस, तीच थट्टा, तेच "पोर आहे बरोबर". परत आल्यावर माझे बोल्ट घासता घासता ती आईला म्हणाली, "आई, मी नसते तर बाबा पुढे गेला असता ना? माझ्यामुळे सगळे त्याला हसतात."

आईनं डॉक्टरांना बाजूला घेतलं. काय बोलल्या ते मला नीट ऐकू आलं नाही, पण शेवटचं ऐकलं. "तुझ्या हौसेचं ओझं तिच्या डोक्यावर कशाला रे?"

"सांगतो," डॉक्टर म्हणाले. "या वेळी गेलो की तिथेच सगळ्यांसमोर सांगतो." आणि मला वाटतं, त्यांच्या मनात तसं होतंही. वाईट माणूस नाही हो तो. भित्रा आहे. दुसऱ्याच्या तोंडात सुई घालताना हात कापत नाही, पण स्वतःचं तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटतो.

तो दिवस आला. सगळे थांबले, हवा उतरवायला लागले. डॉक्टरांनी नेहमीसारखी आमची हवा बावीसवर आणली. मुकादम ओळीपुढून चालत आला. "डॉक्टर, बोला."

डॉक्टरांनी घसा खाकरला. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"दहा!"

भिंगरी होती. खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेली, गाल लाल. "बाबा, दहा कर! मी नाही घाबरत!"

मग काय विचारता! टोळक्यानं टाळ्या पिटल्या. "शाब्बास गं पोरी!" मुकादम म्हणाला. "डॉक्टर, आता तरी लेकीचं नाव पुढे करू नका. आज मी तुमच्या मागे. वाट तुम्ही पाडायची."

डॉक्टर माझ्याकडे बघत उभे राहिले. मी ओरडत होतो. खरंच, जिवाच्या आकांतानं ओरडत होतो, की सांग, अरे आता तरी सांग, हसतील आणि विसरतील. पण चाकाचं ओरडणं कोणाला ऐकू येतंय? भिंगरी त्यांच्याकडे असं काही हसून बघत होती, की त्या हसण्यापुढे त्यांचं तोंड मिटलं. ते गुडघ्यावर बसले आणि माझी हवा सोडायला लागले. हवा सूं करून जात होती आणि माझा टायर पोट सुटल्यासारखा पसरत होता.

सुरुवातीला गाडी छान चालली. मागून मुकादम हॉर्न वाजवत होता, भिंगरी किंचाळत होती आनंदानं. मला क्षणभर वाटलं, निभावलं बहुतेक. मग पुढे टेकडीची तिरपी बाजू आली. गाडी माझ्या बाजूला कलली, सगळं वजन माझ्यावर आलं. डॉक्टरांनी स्टिअरिंग वरच्या अंगाला वळवलं. मी वळलो. टायर वळला नाही. त्याची कड माझ्या अंगावरून सरकायला लागली, मला कळत होतं. माझे ते सगळे लाल बोल्ट जागच्या जागी चमकत होते, आणि एकाचाही हात तिच्यापर्यंत पोचत नव्हता. टायर निसटला. मी उघडा वाळूत रुतलो आणि गाडी हळूच, अगदी हळूच, माझ्या अंगावरून कुशीवर आडवी झाली.

वेग नव्हता, पट्टा बांधलेला होता, म्हणून जीव वाचले. पण भिंगरीचं तोंड समोरच्या दांड्यावर आपटलं.

लोक धावले. दोघांना वरच्या दारातून बाहेर काढलं. डॉक्टरांनी तिला वाळूत बसवलं, रुमालानं रक्त पुसलं, ओठ वर करून बघितला. पुढचा दात अर्धा गेला होता. आणि ती पोर काय म्हणते? "सॉरी, बाबा. मी दहा म्हणाले म्हणून झालं."

मुकादम माझ्यापाशी बसला होता. माझी कड वाकली होती, कडं एका बाजूनं उचकटलं होतं. त्यानं बोटानं एक बोल्ट उचलून बघितला, नखाएवढा आखूड. मग रिकाम्या कडेवरून अंगठा फिरवला. "अहो डॉक्टर," तो अगदी हळू म्हणाला, "हे तर नुसतं दिसायला आहे."

भिंगरीनं तोंडावरचा रुमाल काढला.

"बाबा, तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दुकानातून आणलं तेव्हापासून," डॉक्टर म्हणाले. "तुझ्यामुळे नाही झालं. तुझ्यामुळे मी मागेही राहत नव्हतो. मी खोटं बोललो." आणि ते सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले.

भिंगरी रडली नाही. ती माझ्याकडे बघत होती. एवढे दिवस टूथब्रशनं घासलेल्या बोल्टांकडे. त्या नजरेतून मी अजून सुटलो नाही.

दुसऱ्या दिवशी याच दवाखान्यात, त्या आतल्या खुर्चीत, डॉक्टरांनी तिचा अर्धा दात बांधून दिला. काम झकास झालं. आरसा हातात देऊन ते सवयीनं बोलून गेले, "बघ, कोणाला कळणारसुद्धा नाही."

"पण मी सांगणार आहे," ती म्हणाली.

आणि सांगितलं. शाळेत, शेजारी, किराणा दुकानात, भेटेल त्याला ओठ वर करून, "हा अर्धा खोटा आहे, बाबांनी केलाय." घरी आल्यावर आईची नखं रंगवायची बाटली घेतली आणि आम्हा चारही भावांवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: शोभेचं. माझ्यावरही लिहिलंय, त्या तांब्यामागे बघा. अक्षर अंमळ वाकडं आहे, पण वाचता येतं.

डॉक्टर नंतर एकटेच टोळक्यात गेले. माझे तीन भाऊ आणि माझ्या जागी आलेलं साधं चाक बरोबर होते, त्यांच्याकडून मला कळलं. बोलीची वेळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बावीस. माझी कडी शोभेची आहेत." मुकादम म्हणाला, "चला, नटवी मागे!" सगळे हसले आणि गाड्या सुरू झाल्या. बस, एवढंच. एवढंच होतं ते. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण मला तो अर्धा दात आठवला आणि फार रडू आलं.

माझी वाकलेली कड सरळ होण्यासारखी नव्हती. भंगारात जायचो, पण डॉक्टरांनी मला इथे आणून ठेवलं. नवीन पेशंट विचारतात, "वा डॉक्टर, हे हौसेनं ठेवलंय वाटतं?" मग ते सगळी गोष्ट सांगतात, स्वतःला न वगळता. काही जण हसतात. काही जण गप्प होऊन मासिक उघडतात.

भिंगरी शाळा सुटल्यावर इथेच येते. दप्तर माझ्या काचेवर आपटते, पण आता माझे बोल्ट घासत नाही. आणि एक नवी सवय लागलीय तिला. डॉक्टर आतून म्हणतात, "पाच मिनिटांत निघू." ती विचारते, "खरं ना?" ते म्हणतात, "आईस्क्रीम आणलंय फ्रिजमध्ये." "खरं ना?" आधी ती असं कधी विचारत नव्हती. चिडून नाही विचारत, टोमणाही नसतो. नुसतं विचारते. डॉक्टर दरवेळी काम थांबवून, बाहेर येऊन, तिच्याकडे बघून "खरं" म्हणतात. तो "खरं ना" मी तिला दिलाय. दुकानातल्या बाईंनी नाही, थोरल्यानं नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्हाला चाकं घ्यायची असतील तर खुशाल शोभेची घ्या. त्यात पाप नाही. आम्ही रस्त्यावर चांगले पळतो, दिसतोही छान. फक्त शोभेचं आहे म्हणून सांगा. आम्हाला सांगता येत नाही.

जाता जाता परवाचं तेवढं ऐका. भिंगरीचा तो बांधलेला दात बोरं खाताना तुटला. ती आत खुर्चीत बसली, दार उघडंच होतं. डॉक्टर हातात सुई घेऊन उभे राहिले. या दवाखान्यात मी त्यांना शेकडो पेशंटांशी एकच वाक्य बोलताना ऐकलंय, "मुळीच दुखणार नाही हं." मी वाट बघत होतो, की आता ते म्हणणार आणि ती विचारणार.

"दुखेल," डॉक्टर म्हणाले. "सुई टोचताना चांगलंच दुखेल. मग नाही."

मी कान टवकारून थांबलो. तिनं त्यांच्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. तिनं डोकं मागे टेकलं आणि तोंड उघडलं.